इवाकुनीचा फ्रेंडशिप डे : आधी परतीची वाट ठरवा

हिरोशिमात नवीन आलेल्या मराठी घराला एप्रिल उजाडला की कुणीतरी सांगतंच, "पाच मेला इवाकुनीच्या हवाई तळावर फ्रेंडशिप डेला जाऊन या. लढाऊ विमानं अगदी डोक्यावरून जातात." सांगणाऱ्याचं काही चुकत नाही. विमानं खरंच डोक्यावरून जातात आणि पोरं महिनाभर दुसरं काही बोलत नाहीत. फक्त परत कसं यायचं, ते कुणी सांगत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही पाच जण गेलो. मी, बायको, पाच वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. दिवस छान गेला. शेवटचं विमान उतरलं, आम्ही चटई गुंडाळली, आणि मान वर केली तर अख्खं मैदान आमच्याबरोबर उठलेलं. तळाच्या दारापर्यंत गर्दी, दारापासून स्टेशनपर्यंत गर्दी आणि स्टेशनाबाहेर वळणं घेत गेलेली रांग. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. बाबांनी एका हाताने रस्त्याकडेचा कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने गुडघा. ते एवढंच म्हणाले, "विमानं झकास होती रे, पण आता घरी ने." घरी पोचायला रात्र झाली.

त्यानंतर मी दरवर्षी कुणा ना कुणाला घेऊन जातो. हिरोशिमाजवळ साइजोला विद्यापीठात नवीन आलेली मुलं असतात, मोटारींच्या कारखान्यात रुजू झालेली जोडपी असतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

हा दिवस एवढा गर्दीचा का

इवाकुनी यामागुची प्रांताच्या पूर्व टोकाला, हिरोशिमाहून रेल्वेने पाऊण-एक तासावर आहे. निशिकी नदी समुद्राला मिळताना दोन फाटे फुटतात, इमाझु आणि मोन्झेन. त्या दोन फाट्यांच्या मधल्या सपाट जमिनीवर अमेरिकन मरीन दलाचा हवाई तळ आहे. जपानी नौदलाची विमानंही तिथेच असतात. एरवी बाहेरच्या माणसाला आत पाऊल टाकता येत नाही. वर्षातून एक दिवस दार उघडतं, तो फ्रेंडशिप डे, आणि प्रवेश फुकट असतो.

आता तारीख बघा. बहुतेक वर्षी हा दिवस ५ मेला किंवा त्याच्या आसपास येतो. ५ मे म्हणजे जपानचा बालदिन. ३ मे संविधान दिन, ४ मे हरित दिन आणि ५ मे बालदिन अशा तीन सलग सुट्ट्या असतात, एप्रिलअखेरीला सुरू होणाऱ्या गोल्डन वीकचा हा भाग. अख्खा देश घराबाहेर पडलेला असतो. इवाकुनी शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आणि काही वर्षी या एका दिवसात तळावर दोन लाखांच्या वर माणसं आलेली आहेत. गावापेक्षा मोठं गाव सकाळी येतं आणि दुपारी एकाच तासात परत निघतं. आपल्याकडे विसर्जनाच्या रात्री गिरगावातून परत निघालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक मात्र लक्षात ठेवा : तारीख गृहीत धरू नका. २०१३ साली अमेरिकेच्या सरकारी खर्चकपातीमुळे हा दिवस रद्द झाला होता. कोविडनंतर २०२३ साली भरला तो १५ एप्रिलला. त्या वर्षीची तळाची अधिकृत सूचना बघितल्याशिवाय तिकीट, हॉटेल काही काढू नका.

पहिलं काम : कागद

आपल्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि लोक तीच सोडतात. हा लष्करी तळ आहे. आत कुणाला घ्यायचं, कुठल्या देशाच्या नागरिकाने काय दाखवायचं, हे तळ दरवर्षी ठरवतो. जपानी मित्र सांगेल, "काही नाही लागत, फक्त लायसन्स दाखवायचं." ते त्याच्यासाठी खरं आहे. तुमचा पासपोर्ट भारतीय आहे. त्या वर्षीच्या सूचनेत परदेशी नागरिकांसाठीचा भाग शोधा आणि तो शब्दन् शब्द वाचा. जपानी वाचता येत नसेल तर ऑफिसातल्या किंवा विद्यापीठातल्या एखाद्या जपानी माणसाबरोबर बसून वाचा. काही शंका उरली तर तळाच्या जनसंपर्क विभागाला आधी विचारा. दोन तास रांगेत उभं राहून दारावरून परत फिरणं फार जिव्हारी लागतं, विशेषतः मुलं बरोबर असली की.

जाताना प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड (जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाचं ओळखपत्र) जवळ ठेवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून चालू नका. भारतातून आलेल्या आई-बाबांकडे रेसिडन्स कार्ड नसतं, त्यांचा पासपोर्ट आणि त्यावरचा प्रवेशाचा शिक्का हाच पुरावा. ओळखपत्रातलं नाव आणि कुठे आगाऊ नोंदणी केली असेल तर त्यातलं नाव एकच हवं. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, तिथे घोळ होतो.

दुसरं : गाडी घरी ठेवा

नवीन लायसन्स निघालेलं असतं, गाडी घेतलेली असते, सामान आणि मुलं आहेत, म्हणून गाडीने जावंसं वाटतं. नका जाऊ. हिरोशिमाहून इवाकुनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २ ओताकेजवळ एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीतून जातो. तिथे बगल द्यायला दुसरा रस्ता फारसा नाही. पुढे इवाकुनी शहरातून दक्षिणेला जाणारा १८८ क्रमांकाचा रस्ताही त्या दिवशी भरलेला असतो. द्रुतगती मार्गाने आलात तरी इवाकुनीला खाली उतरल्यावर त्याच रांगेत येता.

पार्किंगची ज्या त्या वर्षीची व्यवस्था सूचनेत दिलेली असते. आरक्षण हातात असेल तरच गाडीचा विचार करा. "बघू, कुठेतरी लावू" हे इवाकुनीत चालत नाही. तळाच्या आजूबाजूला साधी वस्ती आहे, अरुंद गल्ल्या आहेत. कुणाच्या दारापुढे, दुकानाच्या जागेत गाडी लावलीत तर त्या माणसाचा सणाचा दिवस तुम्ही खराब केलात. या वस्तीचं थोडं ऐकून घ्या. विमानांचा आवाज ही माणसं वर्षभर सोसतात. २००६ साली अमेरिकन विमानवाहू नौकेवरची विमानं इथे आणण्याच्या प्रश्नावर शहरात जनमत घेतलं, तेव्हा मत देणाऱ्यांतल्या फार मोठ्या बहुमताने विरोध केला होता. तरीही २०१८ पर्यंत टोकियोजवळच्या अत्सुगी तळावरून सुमारे साठ विमानं इथे आली. आपण एक दिवसाचे पाहुणे. गल्लीतून जाताना आवाज कमी ठेवावा, कचरा टाकू नये, कुणाच्या पायरीवर बसू नये.

फारच लांबून येणार असाल तर मधल्या एखाद्या स्टेशनजवळ गाडी लावून पुढे रेल्वेने या. बस.

तिसरं : रेल्वे, आणि कुठल्या स्टेशनवर उतरायचं

हिरोशिमाहून सान्यो मार्गाची साधी गाडी धरा. साधारण पन्नास मिनिटांत इवाकुनी. तिकीट हजार येनच्या आत आहे.

इथे नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो. शिनकान्सेनचं, म्हणजे अतिवेगवान रेल्वेचं, स्टेशन आहे शिन-इवाकुनी. नावात इवाकुनी आहे म्हणून लोक तिथे उतरतात. ते डोंगराकडे आहे, तळापासून खूप लांब. सकाळी जाताना शिन-इवाकुनीला उतरू नका. परतीसाठी मात्र त्याचा उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

सकाळी जेवढ्या लवकर निघाल तेवढं सोपं. मी पहिल्या दोन-तीन गाड्यांतली एक धरतो. उशीर झाला तर याच गाडीत मियाजिमाला निघालेले प्रवासीही असतात, ते मियाजिमागुचीला उतरेपर्यंत उभं राहावं लागतं. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना एकच विनंती : दार उघडलं की आत घुसायचं नाही. फलाटावर खुणा असतात, त्या खुणांवर रांग लागते आणि उतरणारे उतरल्यावर चढायचं. गर्दी कितीही असली तरी ही शिस्त मोडत नाही, आणि ती मोडत नाही म्हणूनच एवढी माणसं हलतात.

इवाकुनीला उतरलात की बाहेर पडण्याआधी दोन गोष्टी करा. आयकोका कार्डात (रेल्वेच्या प्रीपेड कार्डात) परतीपुरते पैसे भरून ठेवा, कारण संध्याकाळी त्याच मशीनपुढे मोठी रांग असते. आणि स्टेशनच्या स्वच्छतागृहात सगळ्यांना नेऊन आणा. लहानांना "नाही लागली" म्हणू देऊ नका.

चौथं : चालणं

स्टेशनापासून मुख्य दारापर्यंत चालत अर्धा तास धरा, गर्दीच्या चालीने त्याहून जास्त. तपासणीची रांग वेगळी. आणि दारातून आत गेल्यावर लोकांना वाटतं पोचलो. नाही. २०१० साली इथली धावपट्टी भराव घालून एक किलोमीटर समुद्राकडे सरकवली. तळ मोठा आहे, दारापासून विमानांपर्यंत पुन्हा बरंच चालायचं असतं. येऊन-जाऊन दिवसाचं चालणं आठ-दहा किलोमीटरच्या घरात जातं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हे आधी स्पष्ट सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. बाबांना मी "जवळच आहे" म्हणालो होतो. तसं म्हणायला नको होतं.

नवे बूट घालू नका. बाबागाडी चालते, पण गर्दी सुटताना ती अडकते. वर्ष-दीड वर्षाचं मूल असेल तर अंगावर बांधायची झोळी बरोबर घ्या आणि बाबागाडी घरी ठेवा.

पाचवं : पिशवीत काय

काय नेता येत नाही याची यादी सूचनेत असते. चाकू-सुरे, ड्रोन, पाळीव प्राणी यांवर बंदी असतेच. मोठ्या बॅगा, शीतपेट्या, काचेच्या बाटल्या यांबद्दलचा नियम वाचून घ्या. नेलकटर, फळं कापायची सुरी पर्समध्ये राहून जाते, तीही काढा. पिशवी जितकी लहान तितकी तपासणी लवकर.

आत खायला असतं ते अमेरिकन : जाड स्टेक, हॅम्बर्गर, हॉट डॉग, पिझ्झा. शाकाहारी माणसाच्या वाट्याला चीज पिझ्झा आणि बटाटे, तेही दीड तास उभं राहून. म्हणून आमच्या घरी आदल्या रात्री दशम्या होतात. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहतात. त्यावर शेंगदाण्याची चटणी दाबून गुंडाळी करायची आणि प्रत्येकाच्या दोन-दोन वेगळ्या फॉइलमध्ये बांधायच्या. डबा उघडावा लागत नाही, हात बरबटत नाहीत, रांगेत उभ्या-उभ्या खाता येतं. बरोबर गूळपोळी किंवा राजगिऱ्याचे लाडू. दही-भात नेऊ नका, तापलेल्या काँक्रीटवर चार तासांत आंबतो.

रोख येन न्या, शंभर-पाचशेची नाणी आणि हजाराच्या नोटा. स्टॉलवर येन घेतात.

सावली नाही. हे मी दोनदा लिहिलं तरी कमी आहे. सगळीकडे सपाट काँक्रीट, वर मे महिन्याचं ऊन आणि समुद्राचा वारा. वाऱ्यामुळे ऊन कळत नाही, संध्याकाळी मान आणि कानाच्या पाळ्या लाल झालेल्या असतात. टोपी घ्या, हनुवटीखाली दोरी असलेली, नाहीतर उडते. छत्री नको, विमानं उडत असताना छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही. हंड्रेड येन शॉपमधली प्लास्टिकची चटई न्या आणि ज्येष्ठांसाठी एक जाड उशी. कचऱ्यासाठी दोन पिशव्या. कचरा घरी परत आणायचा असतो.

मुलांसाठी कान झाकायचे इअर मफ न विसरता न्या. एफ-३५बी हे विमान हवेत जवळजवळ जागच्या जागी थांबतं, खाली झोताने हवा सोडतं आणि तो आवाज कानाआधी छातीत जाणवतो. माझ्या मुलीने पहिल्या वेळी दोन्ही हात कानावर दाबून आईच्या कुशीत तोंड खुपसलं होतं. दुसऱ्या वर्षी मफ लावले, तेव्हा तिने तोच प्रकार टाळ्या वाजवत बघितला.

सहावं : आत गेल्यावर

आधी परत भेटायची जागा ठरवा, मग बाकी सगळं. एवढ्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क रेंगाळतं, फोटो जात नाहीत, फोन लागत नाही. "पोचल्यावर फोन कर" यावर विसंबू नका. ठरवायची जागा हलणारी नको : एखाद्या हँगरचा क्रमांक किंवा प्रथमोपचाराचा तंबू. दर तासाला अमुक मिनिटाला तिथे यायचं, असं ठरवा. मुलांच्या मनगटावर तुमचा नंबर आणि आडनाव जपानी काताकाना लिपीत पेनाने लिहा. आई-बाबांच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा, जपानीत, की "मी हरवलो आहे, कृपया या नंबरवर फोन करा".

तपासणीच्या जागेचे, दारावरच्या पहारेकऱ्यांचे फोटो काढू नका. दोरीपलीकडे जाऊ नका. बाकी विमानांपाशी उभं राहून हवे तेवढे फोटो काढा. तिथले सैनिक आपणहून मुलांशी बोलतात.

बघण्यासारखं खूप असतं, पण सगळं बघायच्या नादी लागू नका. विमानात बसायच्या रांगा फार मोठ्या असतात, मुलांचा एकच हट्ट पुरवा. माझं सांगाल तर जपानी नौदलाचं यूएस-२ जरूर बघा. पाण्यावर उतरणारं हे विमान याच तळावर असतं आणि समुद्रात अडकलेल्या माणसांना सोडवायला जातं. लढाऊ विमानांच्या गर्दीत त्याच्याकडे लोकांचं जरा कमीच लक्ष असतं. त्याचं पोट होडीसारखं आहे, ते खालून बघा. काही वर्षी जपानी हवाई दलाचं हवाई कसरती करणारं ब्लू इम्पल्स पथक येतं, त्या वर्षी गर्दी आणखी वाढते हे धरून चला.

स्वच्छतागृहाला जायची वेळ म्हणजे मोठं प्रात्यक्षिक सुरू असताना. सगळे वर बघत असतात, रांग अर्ध्यावर येते. प्रात्यक्षिक संपल्यावर गेलात तर अर्धा तास गेला.

सातवं : निघणं

इथेच सगळा दिवस ठरतो. तीन वाटा आहेत, त्यातली एक आदल्या दिवशी घरी बसून निवडा. तिथे उन्हात दमल्यावर निवडू नका, कारण दमलेला माणूस "अजून एक बघू" म्हणतो.

पहिली वाट लवकर निघण्याची. शेवटचं प्रात्यक्षिक सुरू व्हायच्या आधी तासभर उठा. मुलांना सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी रडारड होत नाही. दारापर्यंत चालताना मागे विमानं उडतच असतात, बाहेर रस्त्यावरूनही दिसतात. ज्यांच्याबरोबर लहान मुलं किंवा ज्येष्ठ आहेत त्यांनी हीच वाट धरावी.

दुसरी उशिराची. कार्यक्रम संपला तरी चटई उचलायची नाही. आत थांबू देतात तोवर शांत बसायचं, उरलेल्या दशम्या खायच्या. मग हळूहळू स्टेशनाकडे जायचं आणि समोरच्या भागात कुठेतरी जेवून साडेसात-आठची गाडी धरायची. तरुण मुलांना ही बरी.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते. स्टेशनासमोरून किंताइक्यो पुलाकडे बस जाते, वीसेक मिनिटं लागतात. तळ एका दिशेला आणि पूल दुसऱ्या दिशेला, त्यामुळे ही बस त्या मानाने मोकळी चालते. पाच लाकडी कमानींचा हा पूल मुळात १६७३ साली बांधला. १९५० च्या वादळात तो वाहून गेला आणि १९५३ साली पुन्हा उभा केला. संध्याकाळी नदीकाठी बसा, मुलांना खडकाळ पात्रात खेळू द्या. मग तिथूनच शिन-इवाकुनीची बस धरा आणि कोदामा या सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या शिनकान्सेनने पंधरा-वीस मिनिटांत हिरोशिमा. साध्या गाडीपेक्षा पैसे बरेच जास्त जातात आणि गाड्या तासाला एखादीच, म्हणून बस आणि कोदामा दोन्हींच्या वेळा सकाळीच कागदावर लिहून घ्या. पण स्टेशनाबाहेरची ती रांग पूर्ण टळते.

काहीच जमलं नाही आणि रांगेत अडकलातच, तर घाबरू नका. गर्दी फार झाली की फलाटावर टप्प्याटप्प्याने सोडतात. हे धक्काबुक्की होऊ नये म्हणूनच असतं. हिरोशिमाकडच्या बऱ्याच गाड्या इवाकुनीहूनच सुटतात, त्यामुळे फलाटावर पोचल्यावर समोरची भरलेली गाडी जाऊ द्या आणि पुढच्या गाडीच्या रांगेत पहिले उभे राहा, बसायला मिळेल. ज्येष्ठांना रांगेत त्रास होत असेल तर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगा. "सुमिमासेन" (माफ करा) म्हणून ज्येष्ठ माणसाकडे बोट दाखवलं तरी पुरतं. आपण संकोचाने सांगत नाही, त्या दिवशी मीही सांगितलं नाही.

त्याच दिवशी इवाकुनीहून विमानाने टोकियोला जाणार असाल तर आणखी दोन तास हाताशी ठेवा. नागरी विमानतळाची धावपट्टी तळाचीच आहे आणि जायचे रस्तेही तेच.

आणि हिरोशिमाला उतरलात की दिवस संपला असं समजू नका. ३ ते ५ मे तिथे फ्लॉवर फेस्टिव्हल असतो, शांतता मार्ग माणसांनी फुललेला असतो आणि ट्रामही भरून येतात. मुलं झोपलेली असतील, आई-बाबांचे पाय सुजले असतील, तर त्या दिवशी सरळ टॅक्सी करा.